ढालीसारखा ज्वालामुखी आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढताना माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने विचारलं, "आत्या, ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" हा काळा कडा ज्वालामुखीतून आलाय, एवढं मी त्याला खाली असतानाच सांगून ठेवलं होतं. वर पोचल्या पोचल्या तो गावदेवीच्या देवळामागे गेला, सगळीकडून वाकून बघून आला. तोंड नव्हतं. चारी बाजूंना इमारती आणि गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या.

त्याच्या डोळ्यांपुढे होता तो शाळेच्या प्रोजेक्टमधला ज्वालामुखी. कागदाच्या लगद्याचा निमुळता सुळका, वर खळगा, खळग्यात खायचा सोडा आणि लाल रंग घातलेलं व्हिनेगर. ज्वालामुखी म्हटलं की आपल्यालाही हेच आठवतं, आणि जपानचा फुजी खरोखरच तसा दिसतो. पण पृथ्वीवरचा सगळ्यांत मोठा सक्रिय ज्वालामुखी असा अजिबात दिसत नाही. त्याच्या उतारावर उभं राहिलं तरी आपण डोंगरावर आहोत हे पटकन ध्यानात येत नाही.

त्याचं नाव मौना लोआ. प्रशांत महासागरात हवाई बेटावर तो पसरला आहे. पसरला आहे हेच क्रियापद त्याला शोभतं. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ४,१६९ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. तरी दुरून बघितलं तर क्षितिजावर एक लांबच लांब, सावकाश चढत गेलेली रेघ दिसते, बस्स. हवाईच्या भाषेत मौना लोआचा अर्थच 'लांब डोंगर'. त्याच्या पायथ्याकडचा उतार साधारण तेवढाच, जेवढा इस्पितळात व्हीलचेअरसाठी करतात: बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर. माथ्याजवळ तो थोडा वाढतो, पण दहा-बारा अंशांच्या पुढे फारसा जात नाही.

लढाईतली गोल ढाल जमिनीवर पालथी ठेवली तर जशी दिसेल तसा हा आकार, म्हणून अशा डोंगरांना ढाल ज्वालामुखी म्हणतात. हे नाव आलं आइसलंडमधून. तिथे स्क्याल्डब्रेइदुर नावाचा असाच एक पसरट डोंगर आहे आणि त्या नावाचा अर्थ 'रुंद ढाल'.

आता खरा प्रश्न. एकाच पृथ्वीच्या पोटातून येणारा रस एके ठिकाणी फुजीसारखा टोकदार डोंगर उभारतो आणि दुसरीकडे ढाल पालथी घालतो, असं का? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि मला तरी ते तिथेच नीट कळलं.

संक्रांतीच्या आधी आमच्याकडे गुळाचा पाक होतो. आई गॅसजवळ पाण्याची वाटी ठेवते आणि मधूनमधून पाकाचा थेंब त्यात सोडून बघते. सुरुवातीचा पाक पातळ असतो. तो तूप लावलेल्या ताटात ओतला तर कडेपर्यंत आपोआप धावतो, पातळ थर होऊन बसतो. हाच पाक पुढे आटला, गोळीबंद झाला, की ओतल्या जागीच ढीग करून राहतो, उलथन्याने पसरावा लागतो. लाव्हाचंही तसंच आहे. पातळ असेल तर लांब वाहत जातो, घट्ट असेल तर तोंडाशीच साचतो. हजारो वेळा पातळ पाक ओतला तर ढाल तयार होते. घट्ट लाव्हा, राख आणि दगडधोंडे यांचे थर एकावर एक चढत गेले तर सुळका तयार होतो.

पाक घट्ट होतो तो पाणी आटल्यामुळे. लाव्हाच्या बाबतीत मुख्य कारण वेगळं आहे: सिलिका. वाळूत, काचेत असते तीच. वितळलेल्या खडकात सिलिकाचे कण एकमेकांना धरून साखळ्या करतात. सिलिका जितकी जास्त, तितका साखळ्यांचा गुंता मोठा आणि रस तितका चिवट. बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाच्या रसात सिलिका साधारण निम्मी असते आणि तो वर येतो तेव्हा त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. कमी सिलिका आणि जास्त उष्णता, म्हणून तो सगळ्यांत पातळ. रायोलाइट नावाच्या खडकात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, आणि त्याचा रस येतोही कमी तापमानाला. तो वाहायला नाखूश. ढाल ज्वालामुखी जवळजवळ सगळे बेसाल्टचे असतात, ते याचमुळे.

घट्टपणावर आणखी एक गोष्ट ठरते: स्फोट होणार की नाही. पिठलं आटत आलं की ते कसं 'बुडुक बुडुक' करत उडतं, हाताला चटके बसतात, शेगडीभोवती शिंतोडे पडतात. चहा त्याहून जोरात उकळतो, पण तो असा उडत नाही. वाफ दोन्हींत आहे. चहातून ती सहज निसटते. पिठल्यात ती अडकते, दाब वाढतो आणि मग ती फुटून बाहेर पडते. जमिनीखालच्या शिलारसातही वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. पातळ बेसाल्टमधून ते बऱ्यापैकी निवांत सुटतात. फार तर लाव्हाची कारंजी उडतात, तीही कधी शेकडो मीटर उंच. घट्ट रसात तेच वायू कोंडतात आणि डोंगराचा माथा उडवून देतात.

कारंजी उडताना वाऱ्यावर लाव्हाचे थेंब ताणले जातात आणि त्यांची केसासारखी बारीक, सोनेरी काचेची तार होते. हवाईचे लोक तिला पेले देवीचे केस म्हणतात. जत्रेत साखर वितळवून, गरगर फिरवून म्हातारीचे केस करतात ना, त्याच पद्धतीने हे होतात, फक्त साखरेऐवजी दगड. पेले ही ज्वालामुखीची देवी, आणि किलाउआ या शेजारच्या ढाल ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या विवरात तिचं ठाणं आहे अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. गिल्बर्ट हिलवर गावदेवीपुढे उभं राहताना मला हे हटकून आठवतं. आगीतून आलेल्या दगडावर देवीचं ठाणं असावं, हे माणसांना दोन टोकांच्या दोन बेटांवर सुचलं.

हवाईच्या लोकांनी जगाला आणखी दोन शब्द दिले, आणि भूगर्भशास्त्रज्ञ ते आजही जसेच्या तसे वापरतात. पाहोएहोए आणि आआ. पाहोएहोए म्हणजे गुळगुळीत, सुरकुत्या पडलेला, दोर गुंडाळून ठेवल्यासारखा दिसणारा लाव्हा. आआ म्हणजे ओबडधोबड, काटेरी, अनवाणी चालणं अशक्य असा. दोन्हींचा रस एकच असू शकतो. इथे पुन्हा पाकाकडे येते. ताटात ओतलेल्या पाकावर आधी पातळ साय धरते, खालचा पाक पुढे सरकतो तशी ती साय चुणते, घड्या पडतात. हा पाहोएहोए. आणि पाक निवत आलेला असताना ढवळत बसलं की तो रवाळ होतो, त्याचे खडे बनतात, मग तो वाहत नाही, तुटतो. हा आआ. लाव्हाही थंड होत, स्फटिक धरत उतारावरून जोरात ओढला गेला की असाच तुटतो. म्हणून पाहोएहोएचा पुढे आआ होतो; आआचा पुन्हा पाहोएहोए होत नाही. बिघडलेला पाक नुसता पुढे ओतून कुठे सुधारतो?

ढाल इतकी दूरवर पसरते त्यामागे आणखी एक युक्ती आहे. वाहत्या लाव्हाच्या वरच्या बाजूला कवच धरतं आणि आत रस वाहत राहतो. हळूहळू बोगदाच तयार होतो. हे कवच थर्मासचं काम करतं: आतल्या लाव्हाचं तापमान किलोमीटरमागे जेमतेम एखाद्या अंशाने उतरतं. त्यामुळे माथ्यावरचा रस पार समुद्रापर्यंत वाहता पोचतो. उद्रेक थांबला, रस निघून गेला, की मागे पोकळ नळी राहते. किलाउआच्या उतारावर काझुमुरा नावाची अशी एक नळी ६५ किलोमीटरांहून लांब आहे. चर्चगेटहून विरारला जाऊन थोडं पुढेच.

मौना लोआचं आकारमान सांगताना शब्द अपुरे पडतात, म्हणून मोजमापच देते. समुद्रावर दिसणारा त्याचा भाग ५,००० चौरस किलोमीटरांहून मोठा आहे; शहर आणि उपनगरं धरून आपल्या आठ मुंबया त्यात बसतील. पण तिथला समुद्र सुमारे पाच किलोमीटर खोल आहे आणि डोंगर सुरू होतो तो समुद्रतळापासून. तळापासून माथा मोजला तर नऊ किलोमीटरांच्या वर भरतो. एवढं वजन समुद्रतळालाही पेलत नाही. गादीवर जड ट्रंक ठेवली की गादी दबते, तसा इथे तळच सुमारे आठ किलोमीटर खाली दबला आहे. खऱ्या बुडापासून धरलं तर सतरा किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर.

हे सगळं समुद्राच्या मधोमध का? पृथ्वीचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं आहे, त्यांना भूपट्ट म्हणतात. बहुतेक ज्वालामुखी या भूपट्टांच्या कडांवर असतात. हवाई मात्र प्रशांत भूपट्टाच्या जवळपास मधोमध आहे. १९६३ साली जॉन तुझो विल्सन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने याचं स्पष्टीकरण मांडलं: खोलवर एक तप्त जागा आहे, ती जवळपास स्थिर आहे आणि वरचा भूपट्ट सरकतो आहे. शिलाई मशीनची सुई एका जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि टाके पडत जातात, अगदी तसं. सुई म्हणजे तप्त जागा, टाके म्हणजे बेटं. आज मौना लोआ आणि किलाउआ सुईखाली आहेत. वायव्येला जावं तशी बेटं म्हातारी होत जातात. काउआई सुमारे ५० लाख वर्षांचं. त्यापुढचे डोंगर झिजून, खचून पाण्याखाली गेलेत, पण टाक्यांची रांग समुद्रतळावर हजारो किलोमीटर दिसते. नवा टाकाही पडतो आहे. हवाई बेटाच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडे पाण्याखाली एक डोंगर वाढतो आहे, माथा अजून समुद्राच्या पृष्ठभागाखाली सुमारे एक किलोमीटर.

कापड सरकलंच नाही तर? ते मंगळावर दिसतं. तिथे पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट नाहीत, गुरुत्वाकर्षणही कमी. लाव्हा त्याच जागी साचत राहिला आणि ऑलिंपस मॉन्स तयार झाला. हाही ढाल ज्वालामुखीच. उंची सुमारे २२ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ६०० किलोमीटर. क्षेत्रफळ जवळपास अख्ख्या महाराष्ट्राएवढं. अख्खा महाराष्ट्र म्हणजे एकच डोंगर, अशी कल्पना करून बघा.

ढाल ज्वालामुखी सौम्य असतात असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. लाव्हा बहुधा चालण्याच्या वेगाने किंवा त्याहून हळू येतो, त्यामुळे माणसं निघून जाऊ शकतात हे खरं. पण घर उचलून नेता येत नाही. २०१८ मध्ये किलाउआच्या पूर्वेकडच्या वस्तीत जमिनीला भेगा पडल्या, रस्त्यांतून आणि अंगणांतून लाव्हा वर आला आणि ७०० हून जास्त घरं गेली. त्याच वेळी खालचा रस निघून गेल्यामुळे माथ्यावरचा तळ शेकडो मीटर खचला. अशा खचून झालेल्या प्रचंड खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात, आणि बहुतेक मोठ्या ढालींच्या माथ्यावर तो असतो. पाणी आणि तापलेला खडक एकत्र आले की किलाउआसुद्धा स्फोट करतो. १७९० साली अशा स्फोटात तिथून चाललेल्या योद्ध्यांची एक तुकडी मारली गेली. मौना लोआ १९८४ नंतर ३८ वर्षं गप्प होता. २७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तो फुटला, लाव्हा बेटावरच्या मुख्य हमरस्त्याकडे निघाला आणि रस्त्याच्या पावणेतीन किलोमीटर अलीकडे थांबला. वाटेत त्याने डोंगरावरच्या वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली. ही तीच वेधशाळा, जिथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो.

आता गिल्बर्ट हिलवर परत येऊ, कारण भाच्याचा प्रश्न तसाच राहिलाय.

मुंबई बेसाल्टवर वसली आहे. लोकलच्या रुळांखालची खडी बेसाल्टची, घारापुरीची लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली, जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, भिंतींत काळा बेसाल्ट आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड. घरचा पाटा-वरवंटाही त्याच काळ्या दगडाचा. खडीचा एखादा तुकडा हातात घेऊन बघा. त्यावर बारीक भोकं असतील तर ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. दगड थिजल्यानंतर झिरपणाऱ्या पाण्याने ते आत आणून ठेवले.

म्हणजे पातळ लाव्हा हवाईला आणि इथेही. मग सह्याद्री हा ढाल ज्वालामुखी का नाही? फरक आहे तो रस कुठून आणि किती आला याचा. ढाल तयार व्हायला एक माथा लागतो, त्यातून आणि त्याच्या दोन-तीन भेगांतून पुन्हा पुन्हा रस यावा लागतो. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुरासारखा वाहिला. शाळेच्या पुस्तकात भेगीय ज्वालामुखी म्हणतात तो हाच. एकच तोंड नसल्यामुळे डोंगर न होता पठार झालं: दख्खनचं पठार. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर उरलं आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास जाते. कसारा घाटातून जाताना कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात, त्यातला प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. लोंढ्याचा मधला भाग टणक म्हणून उभा कडा राहतो, वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो म्हणून तिथे पायरी पडते. दख्खनच्या या खडकांना इंग्रजीत जो 'ट्रॅप' शब्द लावतात, तोही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला.

दोन लोंढ्यांमध्ये कधी कधी इतका काळ जाई की तळी साचत, जीव वस्तीला येत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. शिवडीला उशांसारखे गोल गोल लाव्हाचे गोळे आहेत. लाव्हा पाण्यात उतरला की असाच थिजतो. आणि मनोरी-गोराईकडे गेलात तर सिलिका भरपूर असलेला, घट्ट रसाचा खडक मिळतो. एकाच शहरात पातळ पाकही आणि गोळीबंदही!

गिल्बर्ट हिल ही सुमारे ६१ मीटर उंचीची बेसाल्टची शिळा आहे. तळं आटलं की चिखल जसा बहुकोनी तडकतो, तसा सावकाश थंड होणारा जाड शिलारसही आकसत तडकतो, आणि तडे आत आत जात उभे खांब होतात. कड्याच्या बाजूने बघितलं तर ते खांब एकमेकांना चिकटून उभे दिसतात. भोवतालचा खडक काही झिजला, बराचसा खाणींत गेला, आणि एवढा तुकडा शिल्लक राहिला. म्हणून तिथे तोंड नाही. तो ज्वालामुखी नव्हे, ज्वालामुखीच्या पोटातल्या रसाचा थिजलेला अवशेष आहे. त्याच्या पायाशी आज ज्या तऱ्हेने बांधकामं चिकटली आहेत, ती बघून जीव तुटतो. वारसा म्हणून नोंद झालेली ही शिळा एकदा ढासळली तर पुन्हा थिजवता येणार नाही.

आणि सुई? आपल्याकडे लाव्हा पुरवणारी ती खालची तप्त जागा कुठे गेली? लाव्हाचे ते पूर आले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि झपाट्याने उत्तरेकडे चालला होता. कापड पुढे सरकलं. मागे टाके पडत गेले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालची समुद्रातली रांग, मग मॉरिशस. आज ती सुई हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटाखाली आहे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, मुंबईपासून जवळपास पाच हजार किलोमीटर नैर्ऋत्येला. तिथे पितों द ला फुर्नेझ नावाचा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तो ढाल ज्वालामुखी आहे, आणि जगातल्या सगळ्यांत जास्त वेळा जागा होणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावरच्या विवराचा तळ ३०० मीटरांहून जास्त खचला. पूर्वेच्या उतारावर वस्ती नाही, फक्त समुद्राकडेने एक रस्ता जातो. मोठ्या उद्रेकात लाव्हा उतरून तो रस्ता ओलांडतो आणि समुद्रात पडतो. मग लोक खडक निवायची वाट बघतात, आणि त्या नव्या काळ्या दगडावरूनच रस्ता पुन्हा बांधतात.